हळद तोंडपाठ आहे, पण लॉट किती घ्यायचे?

वाचकांचे प्रश्न : कमोडिटी ट्रेडिंग आणि पैशाचं व्यवस्थापन

कमोडिटी ट्रेडिंगकडे करिअर म्हणून पाहणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं सांगली जिल्ह्यातून आली. सांगलीत हळदीच्या वायद्यासाठी (पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यासाठी) स्वतंत्र स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होतं. तासगावचा बेदाणा, विट्याचे गलाई व्यावसायिक (जुनं सोनं-चांदी शुद्ध करणारे) आणि मार्केट यार्डातले हळदीचे सौदे या भागात घरोघरी ठाऊक आहेत. त्यामुळे इथल्या प्रश्नांत ‘वायदा म्हणजे काय’ हे फार कमी जणांनी विचारलं आहे. ‘किती’ आणि ‘कुणाच्या पैशाने’ हे जास्त विचारलं आहे, आणि हा धंदा टिकतो की बुडतो ते याच दोन प्रश्नांवर ठरतं.

प्रश्न : बी.कॉम. झालो आहे. वडिलांची मार्केट यार्डात आडत आहे. मला आडत चालवायची नाही, कमोडिटी ट्रेडर व्हायचं आहे. काय शिकू आणि सुरुवात कुठून करू?
— एक पदवीधर, विश्रामबाग, सांगली

ट्रेडर हा एकच शब्द चार वेगवेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिला माल घेतो आणि विकतो, म्हणजे हाजर बाजारातला. दुसरा कंपनीच्या मालाची भावजोखीम वायद्यात झाकतो, म्हणजे हेजिंग डेस्कवरचा. तिसरा स्वतःच्या किंवा फर्मच्या भांडवलावर फक्त भावातल्या फरकासाठी सौदे करतो. चौथा लोकांचा पैसा सांभाळतो, त्याला मनी मॅनेजर म्हणायचं. बहुतेक तरुणांना थेट तिसऱ्या पायरीवर जायचं असतं. तुमच्या घरात पहिली पायरी तयार आहे, ती सोडू नका असं आमचं स्पष्ट मत आहे.

आडत चालवू नका, पण फेब्रुवारी ते मे असा एक पूर्ण हंगाम सौद्यात उभे राहा. हळकुंड आणि गड्डा यांचा भाव वेगळा का निघतो, हमाली-तोलाई-आडत वजा होऊन शेतकऱ्याच्या पट्टीत प्रत्यक्ष किती उतरतं, पॉलिश केलेल्या मालाला किती जास्त मिळतं, हे वहीत लिहा. एक हळकुंड हातात घेऊन मोडून पाहा. नीट वाळलेलं असेल तर खणकन आवाज होऊन तुटतं आणि आतला रंग सारखा दिसतो. वाकून, चिवट तुटलं तर आत ओल आहे, आणि तो माल गोदामात ठेवला तर वजन घटेल, बुरशी धरेल. वायद्याच्या करारात ओलाव्याची, खराब मालाची टक्केवारी छापलेली असते. ती टक्केवारी हाताला कशी लागते हे मुंबईच्या डेस्कवर बसलेल्या माणसाला माहीत नसतं, तुम्हाला असेल.

त्याबरोबर परीक्षा. एनआयएसएमची, म्हणजे बाजार नियामक सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची, ‘सिरीज सोळा’ ही कमोडिटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा आहे : 100 प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण व्हायला 60 गुण, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ब्रोकरच्या डीलिंग टर्मिनलवर बसायला ते लागतं. ही परीक्षा पास झाल्याने ट्रेडिंग येत नाही, पण करार, मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत), निपटारा यांची भाषा येते.

नोकरीची दारं कुठे आहेत? हळद पावडर आणि मसाला उद्योगांचे खरेदी विभाग, बेदाणा आणि हळद निर्यातदार, तेलगिरण्या, गोदाम पावतीवर कर्ज देणाऱ्या बँका, ब्रोकरचा रिस्क विभाग. या शेवटच्या जागेकडे मुलं ‘बॅक ऑफिस’ म्हणून नाक मुरडतात. आम्ही तर ती आवर्जून सुचवू. मार्जिन कमी पडलेल्या ग्राहकांचे सौदे दुपारी अडीचला कापताना वर्षभर पाहिलं, की खातं कसं मरतं हे कुठल्याही क्लासपेक्षा नीट समजतं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. शेतमालाचे वायदे सरकार कधीही बंद करू शकतं. 2007 च्या सुरुवातीला तूर, उडीद, गहू, तांदूळ बंद झाले, 2012 मध्ये गवार, आणि 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, भात आणि कच्चं पामतेल अशा सात मालांचे सौदे सेबीने थांबवले. ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ज्यांचं सगळं कौशल्य एकट्या सोयाबीनवर होतं त्यांचं काम एका परिपत्रकाने थांबलं. म्हणून एक शेतमाल आणि एक धातू किंवा कच्चं तेल, असे दोन्ही शिका. तेलाचा अमेरिकी साठ्याचा आकडा बहुधा बुधवारी रात्री आठ-नऊला येतो. त्या पाच मिनिटांत भाव कसा हलतो, हे सौदा न करता सहा महिने नुसतं लिहून काढा.

प्रश्न : तीन एकर राजापुरी हळद आहे. एप्रिलमध्ये विक्रीला येईल. आता जानेवारीत भाव चांगला आहे, तो वायद्यात विकून बांधून ठेवता येईल का? ओळखीचा ब्रोकर म्हणतो, सोपं आहे.
— हळद उत्पादक, मिरज तालुका

बांधता येतो, पण सोपं नाही. अडचणी चार ठिकाणी येतात, म्हणून आधी आकडे नीट मांडू.

एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर हळदीचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं सर्वांत लहान माप, 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटलचा. क्विंटलला एक रुपया भाव हलला की लॉटमागे 50 रुपये. पहिली चूक इथेच होते : शेतातली ओली हळद मोजली जाते. शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर ओल्याचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा उरतो. करार वाळलेल्या मालाचा आहे. तुमची वाळलेली हळद 90 ते 100 क्विंटल होईल असं वाटत असेल तर दोन नव्हे, एकच लॉट विका. पीक अजून जमिनीत आहे. कंदकुज झाली, उतारा कमी पडला, तर दुसरा लॉट मालाशिवाय विकलेला ठरेल, आणि तो मग शुद्ध सट्टा.

आता समजा, जानेवारीत वायदा 14,000 आणि सांगलीत राजापुरीचा हाजर भाव 14,800 आहे. हे भाव फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. तुम्ही एक लॉट विकला. एप्रिलमध्ये वायदा 12,000 वर आला आणि सांगलीत तुमची हळद 12,500 ने गेली. वायद्यात 2,000 गुणिले 50, म्हणजे एक लाख रुपये मिळाले. त्या 50 क्विंटलला तुमच्या हातात 12,500 अधिक 2,000, म्हणजे 14,500 पडले. जानेवारीच्या भावापेक्षा 300 कमी, कारण हाजर आणि वायदा यांतलं अंतर 800 वरून 500 झालं. ही दुसरी अडचण. वायद्याचा आधारभाव निजामाबादच्या मालाचा, तुमचा माल राजापुरी. दोन्ही एकाच दिशेला जातात, पण पावलं सारखी पडत नाहीत. वायद्याने भाव बांधला जातो, हे अंतर बांधलं जात नाही.

तिसरी अडचण सर्वांत घातक आहे, आणि ती भाव वाढल्यावर येते. समजा, वायदा 17,000 वर गेला. शेतकरी म्हणून तुम्ही खूश, पण वायद्यात तुम्ही 3,000 गुणिले 50, म्हणजे दीड लाखाच्या तोट्यात आहात, आणि हा तोटा रोजच्या रोज, रोखीने भरायचा असतो. हळद मात्र अजून वाळत पडली आहे, तिचे पैसे एप्रिलमध्ये. सुरुवातीचं मार्जिन 15 टक्के धरलं तर 1,05,000 आधीच अडकलेत, वर हे दीड लाख. पैसे वेळेत भरले नाहीत तर ब्रोकर सौदा कापतो, आणि तो नेमका वरच्या भावाला कापला जातो. त्यानंतर बाजार खाली आला, की वायद्यातही तोटा आणि मालालाही कमी भाव, असा दुहेरी मार बसतो. हे अपवादाने होत नाही. 2023 च्या जून ते ऑगस्ट या काळात हळद दुपटीच्या आसपास गेली होती. त्या वेळी विकून बसलेल्या माणसाला रोज किती रोख लागली असेल याचा हिशेब करून पाहा. म्हणून एका लॉटमागे मार्जिन सोडून आणखी दीड-दोन लाख बँकेत मोकळे असतील तरच हात घाला. पीककर्जाचे किंवा मुलीच्या लग्नाचे पैसे यात धरू नका.

चौथी अडचण डिलिव्हरी. हळदीचा करार सक्तीच्या डिलिव्हरीचा आहे. मुदत संपायच्या आधी टेंडर कालावधी, म्हणजे माल देण्याघेण्याचे शेवटचे दिवस, सुरू होतो. तोवर सौदा उभा राहिला तर 5 टन माल एक्स्चेंजच्या मान्य गोदामात, तपासणीत पास होऊन, द्यावा लागतो. नाही दिला तर दंड. तुमचा बेत सांगलीच्या सौद्यातच हळद विकायचा असेल तर टेंडर कालावधी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी वायद्यातला सौदा काटा. काटतानाही बाजारभावाची ऑर्डर टाकू नका, लिमिट, म्हणजे स्वतः ठरवलेला भाव, लावा. लांबच्या महिन्यात सौदे विरळ असतात आणि घेणारा-विकणारा यांच्या भावात मोठी फट असते.

ब्रोकरला विचारायचा प्रश्न एवढाच : भाव 3,000 ने वाढला तर मला कोणत्या दिवशी किती रुपये भरावे लागतील? आकडा लिहून मागा. आणि एवढी रोकड नसेल तर निम्मा माल हंगामात विकून निम्मा ठेवणं, हा जुना मार्गही जोखीम वाटण्याचाच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राखली जायची. 2005 च्या महापुरात ती पेवं पाण्याखाली गेली, तेव्हापासून साठवणुकीचा हिशेब बदलला. आज माल ठेवायचा तर डब्ल्यूडीआरए या गोदाम नियामकाकडे नोंदलेल्या गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती घ्या. त्या पावतीवर बँक कर्ज देते आणि घाईची विक्री टळते.

प्रश्न : पाच लाख भांडवल आहे. हळद मला तोंडपाठ आहे, चांदी आणि क्रूडही बघतो. किती लॉट घ्यावेत? मार्जिन बसतं तेवढे घेतो, पण खातं दोनदा निम्मं झालं.
— तरुण वाचक, तासगाव

मार्जिन बसतं तेवढे लॉट घेणं, हेच खातं निम्मं होण्याचं कारण आहे. तुमचा अंदाज चुकला म्हणून नाही. मार्जिन ही एक्स्चेंजने स्वतःच्या सुरक्षेसाठी घेतलेली अनामत आहे. तुम्ही किती पेलू शकता हे ती सांगत नाही.

हिशेब उलटा करा. एका सौद्यात चुकलो तर भांडवलाच्या एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये जातील, त्याहून जास्त नाही, हे आधी ठरवा. मग त्या मालाची गेल्या 20 दिवसांची रोजची सरासरी चाल काढा : रोजचा उच्चांक वजा नीचांक, आणि आदल्या दिवशीच्या बंद भावापासून उडी असेल तर तीही धरून. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा तोट्यात काटणारी ऑर्डर, त्या चालीच्या दुप्पट अंतरावर लावा. त्याहून जवळ लावला तर नुसत्या रोजच्या हेलकाव्याने बाहेर पडाल.

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, त्याचा लहान ‘मिनी’ करार घ्या. लॉट 10 बॅरलचा, एक रुपयाला 10 रुपये. रोजची चाल 120 धरली तर स्टॉप 240 वर, लॉटमागे जोखीम 2,400. पाच हजारांत दोन लॉट बसतात. मोठ्या क्रूडचा लॉट 100 बॅरलचा, तिथे एकाच लॉटची जोखीम 24,000. तो तुमच्यासाठी नाही, मार्जिन असलं तरी नाही. चांदी मिनी 5 किलोची, मायक्रो 1 किलोची. चांदीची रोजची चाल किलोला 4,000 असेल तर मायक्रोच्या एका लॉटलाही 8,000 ची जोखीम येते. उत्तर शून्य लॉट. शून्य हेही उत्तरच आहे आणि ते मानायचं असतं.

आता हळद. चाल क्विंटलला 250 धरा, स्टॉप 500 वर, गुणिले 50, म्हणजे लॉटमागे 25,000. एक टक्क्याच्या नियमाने यासाठी 25 लाखांचं खातं लागतं. ज्या मालाचं तुम्हाला सर्वांत जास्त ज्ञान आहे तो तुमच्या भांडवलाला पेलत नाही. हे पचवायला जड आहे, आम्हाला कल्पना आहे. पण तुमची दोन निम्मी झालेली खाती बहुधा याच ठिकाणी गेली असणार. हळदीचं ज्ञान हाजर बाजारात वापरा, तिथे पाच क्विंटलही घेता येतात.

एक टक्काच का, दहा का नाही? ओळीने दहा सौदे चुकणं हे कोणत्याही चांगल्या पद्धतीत कधी ना कधी होतंच. एक टक्क्याने दहा चुकले तर खातं साडेनऊ टक्के घटतं. पाच टक्क्यांनी चुकले तर चाळीस टक्के घटतं, आणि तिथून मूळ जागी यायला सदुसष्ट टक्के कमवावे लागतात. निम्मं झालेलं खातं भरून काढायला शंभर टक्के.

शिकागोत 1983 मध्ये रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी नवशिक्यांचा एक गट निवडून शिकवला. तो ‘टर्टल’ या नावाने ओळखला जातो. त्यांचा खरेदीचा नियम सगळ्यांना पाठ असतो : 20 किंवा 55 दिवसांचा उच्चांक ओलांडला की घ्या. पण त्यांच्या नियमांत खरा जीव लॉटच्या हिशेबात होता. रोजच्या सरासरी चालीवरून लॉट ठरायचे, एका मालात जास्तीत जास्त चार युनिट, म्हणजे असे ठरलेले चार वाटे, आणि खातं दहा टक्के घटलं की पुढचा सगळा हिशेब भांडवल वीस टक्के कमी आहे असं धरून करायचा. तोट्यात लॉट कमी होत जायचे. आपल्याकडे तोट्यात लॉट वाढवले जातात, ‘अ‍ॅव्हरेज’ करायला, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणायला.

स्टॉपलॉस लावला म्हणजे तोटा तिथेच थांबेल याची खात्री नसते, हेही लिहून ठेवा. शेतमालाला रोजची भावमर्यादा असते. ती लागली की विकायला रांग असते, पण घ्यायला कुणी नसतं. तेलाचं उदाहरण आणखी कठोर आहे. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत मे महिन्याचा क्रूड करार उणे 37.63 डॉलरवर गेला. लॉकडाऊनमुळे आपला बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच बंद झाला होता, शेवटचा भाव होता 965 रुपये. करार निकाली निघाला उणे 2,884 वर. शंभर बॅरलच्या एका लॉटमागे सुमारे 3,85,000 रुपये, आणि मधे बाहेर पडायला एक मिनिटही नाही. मुदत संपायच्या दिवसापर्यंत सौदा धरून ठेवायचा नाही, हा नियम तिथून घ्या.

प्रश्न : आमचा गलाईचा धंदा आहे. मोड चांदी घेतो, शुद्ध करून विकायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात भाव पडतो. वायद्यात झाकता येईल?
— विटा

येईल, आणि सगळ्या पत्रांत वायद्याचा खरा उपयोग तुम्हालाच आहे. फक्त वजन शुद्ध धरा. 20 किलो मोड 80 टक्क्यांची असेल तर शुद्ध चांदी 16 किलो. करार 999 शुद्धतेचा आहे. मिनीचे तीन लॉट, म्हणजे 15 किलो, ज्या दिवशी मोड घेतली त्याच दिवशी विका आणि ज्या दिवशी चांदी विकली त्याच तासाला वायदा परत घ्या. धंदे मोडतात ते दुसऱ्या पायरीवर : चांदी विकली, पण वायदा ‘अजून थोडा पडेल’ म्हणून उभा ठेवला. त्या क्षणापासून तुम्ही गलाईवाले नाही, सटोडिये आहात. चांदी वाढत गेली तर रोजचा फरक भरायला लागेल, त्याची सोय वेगळी ठेवा. हळद उत्पादकाला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : तीन वर्षं फायद्यात आहे. भावकीतले आणि मित्र मिळून बारा जण 40 लाख देतो म्हणतात, महिन्याला दोन टक्के द्यायचे. लोकांचा पैसा सांभाळायचं करिअर इथूनच सुरू होतं ना?
— पलूस

इथून सुरू होत नाही. बऱ्याचदा इथे संपतं. पैसे घेऊ नका.

कायद्याची बाजू आधी. ठरावीक परतावा कबूल करून लोकांकडून पैसे गोळा करणं म्हणजे ठेव घेणं. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, त्यावर केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदीचा 2019 चा कायदा आहे. दोन्हींत तुरुंगवास आणि मालमत्ता जप्ती आहे. ‘पैसे घेत नाही, त्यांच्याच खात्याचा पासवर्ड घेऊन सौदे करतो’ ही पळवाट नाही. दुसऱ्याच्या खात्यात स्वतःच्या मर्जीने सौदे करणं हे पोर्टफोलिओ व्यवस्थापनच आहे आणि त्याला सेबीची नोंदणी लागते. फी घेऊन टिप्स द्यायच्या तर रिसर्च अ‍ॅनालिस्टची नोंदणी लागते. ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, झालात तरी ऑर्डर ग्राहकानेच द्यायची असते.

कायदेशीर वाट अशी आहे. पोर्टफोलिओ मॅनेजरला पाच कोटींची निव्वळ मालमत्ता लागते, प्रत्येक ग्राहकाकडून किमान 50 लाख घ्यावे लागतात, मुख्य अधिकाऱ्याला ठरावीक पदवी, अनुभव आणि एनआयएसएम प्रमाणपत्र लागतं. 2019 पासून त्यांना एक्स्चेंजवरच्या कमोडिटी करारांत उतरता येतं. दुसरी वाट कॅटेगरी तीनचा पर्यायी गुंतवणूक निधी : प्रत्येक गुंतवणूकदाराचे किमान एक कोटी, निधी किमान 20 कोटींचा. पलूसमधून उद्या यातलं काही उभं राहणार नाही. पण अशा फर्ममध्ये नोकरी मिळते, आणि तिथे जायला तुमची तीन वर्षं उपयोगी पडतील, नोंदी नीट असतील तर.

नोंदी म्हणजे काय ते सांगतो. ब्रोकरचं लेजर (खातेउतारा), सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याच्या अधिकृत पावत्या), बँक स्टेटमेंट. महिनाअखेरचं भांडवल, त्यात भरलेले आणि काढलेले पैसे वेगळे दाखवून. शिखरापासून सर्वांत मोठी घसरण किती टक्के आणि भरून निघायला किती महिने. प्रत्येक सौद्यात ठरवलेला तोटा आणि प्रत्यक्ष तोटा. मुलाखत घेणारा फायद्याकडे दुसऱ्यांदा बघतो, पहिल्यांदा घसरणीकडे.

आता हिशेबाची बाजू. दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला चोवीस. वायद्यात वर्षाला चोवीस कधी येतीलही, पण महिन्याला दोन असे हप्त्याने कुणालाच येत नाहीत. तीन महिने तोटा, चौथ्यात मोठा फायदा, अशीच ही कमाई येते. हप्ता कबूल केला की तोट्याच्या महिन्यात तो मुद्दलातून द्यावा लागतो, मग भरून काढायला लॉट वाढतात. 2013 मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज जुलैअखेर बंद पडलं तेव्हा सुमारे 13,000 गुंतवणूकदारांचे 5,600 कोटींच्या आसपास अडकले. तिथेही माल घेऊन विकण्याच्या जोडसौद्याला ठरावीक व्याजाचं रूप दिलं होतं. भावाच्या बाजारात व्याजासारखा परतावा दिसला की मागे काहीतरी लपलेलं असतं.

खरा मनी मॅनेजर परतावा कबूल करत नाही, फी कबूल करतो, आणि तिलाही बांध असतो. एक कोटीचे एक कोटी 20 लाख झाले, वाढीवर 20 टक्के म्हणजे चार लाख फी घेतली, ग्राहकाकडे एक कोटी 16 लाख राहिले. पुढे ते एक कोटीवर घसरले आणि पुन्हा एक कोटी 14 लाखांवर आले, तर या चौदा लाखांच्या वाढीवर फी शून्य. एक कोटी 16 लाखांची खूण ओलांडल्यावरच पुन्हा फी. याला हाय वॉटर मार्क म्हणतात आणि पोर्टफोलिओ मॅनेजरला तो बंधनकारक आहे.

अमेरिकेत जॉन हेन्रीने शेतमालाची स्वतःची जोखीम झाकता झाकता वायदे शिकून 1980 च्या दशकात पैसा सांभाळणारी मोठी कंपनी उभी केली. त्याच कंपनीने 2012 मध्ये लोकांचा पैसा सांभाळणं थांबवलं. मोठमोठ्या व्यवस्थापकांची पद्धतही काही वर्षं चालत नाही. भावकीचे पैसे त्या वर्षांत तुमच्या हातात असू नयेत.

प्रश्न : वायद्याच्या फायद्यावर कर कसा लागतो? तोटा दाखवायचा का?
— कराड

मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या कमोडिटी वायद्याचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरतात. भांडवली नफ्यात नाही, आणि तो सट्ट्याचाही मानत नाहीत. तोटा जरूर दाखवा. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढच्या आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो, मुदत चुकली की हक्क गेला. ब्रोकरेज, इंटरनेट, डेटाचा खर्च वजा करता येतो, पावत्या ठेवा. सोनं, चांदी, क्रूड विकताना 0.01 टक्का सीटीटी, म्हणजे कमोडिटी सौद्यावरचा कर, लागतो, हळदीला तो नाही.

प्रश्न : मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत नोकरीला. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलवर चांदी-क्रूड बघतो. आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं म्हणतो, फायद्याचे स्क्रीनशॉट दाखवतो. मला यातलं कळत नाही. मी त्याला काय विचारू?
— एक आई, सातारा

ताई, कळत नाही असं म्हणू नका. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे चांगलं कळतं. स्क्रीनशॉट बाजूला ठेवायला सांगा. चार गोष्टी मागा.

पहिली, आज झालेल्या सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट. नोंदणीकृत ब्रोकर ती चोवीस तासांत ईमेलवर पाठवतो आणि एक्स्चेंजचा एसएमएसही येतो. ‘आमच्यात रोखीत चालतं’, ‘कमी मार्जिन लागतं’ असं उत्तर आलं तर तो डब्बा, म्हणजे एक्स्चेंजबाहेरचा चोरटा सौदा, आहे. ते बेकायदा आहे, पैसे अडकले तर दाद कुठेच मागता येत नाही. तिथेच थांबवा.

दुसरी, गेल्या बारा महिन्यांचं ब्रोकरचं लेजर आणि त्याच्या शेजारी बँकेचं स्टेटमेंट. खात्यात एकूण किती घातले, किती काढले आणि आज किती आहेत. तिसरी, या बारा महिन्यांत खातं वरच्या जागेवरून जास्तीत जास्त किती खाली आलं होतं. त्याला हा आकडा तोंडपाठ नसेल तर त्याने तो कधी काढलेला नाही.

चौथी गोष्ट साधा भागाकार. त्याच्याकडे पाच लाख आहेत आणि घरात महिन्याला तीस हजार द्यायचे आहेत, तर वर्षाचे झाले तीन लाख साठ हजार. म्हणजे मुद्दल जागेवर ठेवून, कर आणि ब्रोकरेज देऊन, दरवर्षी 72 टक्के कमवावे लागतील. जगातले नावाजलेले मनी मॅनेजरही हे सातत्याने करत नाहीत. सेबीने शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनचा 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब काढला, त्यात 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तो आकडा शेअरबाजाराचा आहे, पण उधारीच्या ताकदीवर सौदे करण्याची रीत तीच आहे.

नोकरी सोडायची घाई त्याच्या धंद्यासाठीही वाईट आहे. महिनाअखेरीला घरभाडं द्यायचं म्हणून घेतलेला सौदा वाईटच निघतो, कारण तो बाजार बघून नाही, तारीख बघून घेतलेला असतो. चांदी आणि क्रूडचा बाजार संध्याकाळी पाचनंतरच जोरात चालतो, त्यामुळे नोकरी सांभाळून तो शिकता येतो. त्याला म्हणा, दोन वर्षं पगारातून घर चालव, वायद्याच्या खात्यात ठरलेल्या रकमेपुढे एक रुपयाही घालू नकोस, आणि दर महिन्याच्या एक तारखेला लेजरचा शेवटचा आकडा माझ्या वहीत लिहून दे. चोवीस आकडे झाले की दोघं मिळून पाहा, आणि ती पानं आम्हाला पाठवा. आम्ही ती ओळ न् ओळ वाचू.